कै. भाऊराव …कर यांचे वारस

मुलुंडच्या जुन्या पेठेतला रस्ता ज्या दिवशी सुंदर झाला, त्याच दिवशी नंदकिशोर सबनीसांची बसायची जागा गेली.

या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध आहे हे कळायला त्यांना तीन मिनिटं लागली, आणि ती तिन्ही त्यांना उभ्यानं काढावी लागली. सात महिने रस्ता हिरव्या पत्र्यांआड होता. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं, आणि जे ऐकू येत होतं त्यावरून रस्ता दुरुस्त करतायत की त्याच्या दाढा काढतायत हे ठरवणं कठीण होतं. त्या सोमवारी सकाळी पत्रे निघाले. खाली काळ्या दगडाची फरशी, दोन्ही बाजूंना नक्षीदार लोखंडी खांबांवर राणीच्या राज्यातले वाटावेत असे दिवे, आणि भिंतींवर चिमण्यांची चित्रं. एकेक चिमणी शेळीएवढी. शंभर वर्षांपूर्वी या जागी गवत होतं आणि गवतात विंचू होते, असं पेठेतले म्हातारे सांगत. पण सल्लागारांनी जुन्या काळाचं जे चित्र काढलं होतं त्यात दिवे होते, म्हणून जुना काळ आता नव्यानं तसा झाला होता.

दुकानांच्या पाट्याही एकसारख्या झाल्या होत्या. तपकिरी लाकूड, त्यावर पिवळसर अक्षरं, सगळी एका मापाची. पेठेत मिठाईचं दुकान आणि अंत्यविधीच्या सामानाचं दुकान शेजारी शेजारी आहेत. पहिल्याच दिवशी एका गृहस्थांनी मुलगी पास झाल्याच्या आनंदात चुकीच्या दुकानात शिरून 'चांगलं ताजं काय आहे' असं विचारल्याचं समोरचे केमिस्ट केतनभाई सगळ्यांना सांगत होते. औषधं कमी आणि ही हकीकत जास्त, असा त्यांचा तो दिवस गेला.

खरं सांगायचं तर रस्ता चांगला झाला होता. गटारं झाकली गेली होती. जयंतीबाई सबनीस गेली वीस वर्षं या रस्त्यानं एका हातात साडी आणि दुसऱ्या हातात नाक धरून जात असत. त्या आता काही आणायचं नसतानाही चक्कर मारायला जाऊ लागल्या. नंदकिशोरांनाही रस्ता आवडला. तक्रार एवढीच होती की केतनभाईंच्या दुकानासमोर, बदामाच्या झाडाखाली, जिथे मोझेइकचा एक जुना बाक होता, तिथे आता दगडी कुंडी होती आणि तिच्यात एक टोकदार झाड लावलं होतं. ते झाड निवडणाऱ्यानं फार विचार केला असावा. त्यावर कोणत्याही बाजूनं बसता येत नव्हतं.

आता हा बाक म्हणजे काय होता ते सांगायला हवं. सबनीस विमा कंपनीच्या दावे विभागातून सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. घर एका खोलीचं आणि हॉलचं. जयंतीबाई रोज सकाळी दहा ते बारा हॉलमध्ये संगणकासमोर बसून मेलबर्नमधल्या अकरा मराठी मुलांना मराठी शिकवतात. तिथे तेव्हा दुपारची शाळा सुटलेली असते. या दोन तासांत घरात कुकरची शिट्टी होत नाही, टीव्ही लागत नाही आणि नवऱ्याचा आवाज येत नाही. म्हणून दहा वाजता सबनीस बाकावर जात आणि बारा वाजता परत येत. पेठेत राहायला आल्यापासून, नोकरीत असताना, ते संध्याकाळी तिथे बसत, म्हणजे तीस वर्षांची बैठक होती. बाक गेला तसे ते स्वयंपाकघरातल्या घडीच्या स्टुलावर बसू लागले. तिसऱ्या दिवशी त्यांना खोकला आला. मेलबर्नहून एका मुलीनं विचारलं, "टीचर, हू इज दॅट आजोबा?" जयंतीबाईंनी वळून फक्त बघितलं. सदतीस वर्षांच्या संसारात सबनीसांनी ते बघणं चार-पाच वेळाच पाहिलं होतं.

बाक परत मिळवायचा, असं त्यांनी त्याच दिवशी ठरवलं.

पेठेत एखाद्यानं काही ठरवलं की सल्ल्याला कमी पडत नाही. केतनभाईंचं म्हणणं, घरून प्लास्टिकची खुर्ची आणा. दत्ताराम गावडे म्हणाला, रात्री कुंडी उचलून टाकू, आठ माणसं मी देतो. दत्ताराम हा बाकावरचा दुसरा कायमचा माणूस. मालवणकडचा, गिरणीत होता, गिरणी गेल्यावर वॉचमन झाला, आता मुलाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांना कागद उलटा ठेवल्याबद्दल रागावतो. जड वस्तू आठ माणसांनी उचलण्याबद्दल तो इतक्या माहितीनं कसा बोलतो, हा प्रश्न तेव्हा कुणाच्याच मनात आला नाही.

सबनीसांनी मात्र दोन्ही सल्ले नाकारले. दावे विभागात एकतीस वर्षं त्यांनी एकच वाक्य म्हटलं होतं: कागद आधी, बाकी नंतर. त्या वाक्यापायी कित्येक विधवा आणि निदान दोन आमदार त्यांच्या टेबलासमोरून रिकाम्या हातांनी परत गेले होते. म्हणून ते रीतसर सुशोभीकरणाच्या कामाचं कार्यालय असलेल्या पत्र्याच्या कंटेनरमध्ये गेले.

तिथे अपूर्वा नावाची एक तरुण आर्किटेक्ट बसत असे. मुलगी हुशार आणि मनानं चांगली. तिनं सांगितलं की बाक फोडलेला नाही, गोदामात आहे. जुन्या वस्तूंसाठी एक 'वारसा यादी' आहे. यादीत वस्तू आली की ती पूर्वीच्या जागी परत बसवता येते. एक फॉर्म भरायचा, बस.

फॉर्म साधा होता. वस्तूचं नाव, वय, महत्त्व. सबनीसांनी 'महत्त्व' या रकान्यासाठी तीन पुरवण्या जोडल्या. मग प्रश्न सहा आला. वस्तू कुणाच्या स्मरणार्थ असल्यास त्यांचं नाव आणि वारसांचं संमतिपत्र.

बाकाच्या पाठीवर अक्षरं होती, हे खरं. 'कै. भाऊराव' एवढं स्पष्ट होतं आणि 'कर यांच्या स्मरणार्थ' हेही. मधला भाग झिजला होता. त्या झिजण्याचं कारण शोधायला लांब जावं लागलं नसतं. ती बरोबर सबनीसांच्या पाठीची जागा होती. तीस वर्षं एका माणसाच्या आडनावाला टेकून बसल्यावर ते आडनाव सबनीसांच्या शर्टांवरून थोडं थोडं धोब्याकडे गेलं होतं.

इथे सबनीसांनी ती चूक केली जी फक्त दावे विभागातला माणूसच करू शकतो. त्यांना रकाना रिकामा सोडवेना. त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: वारसांचा शोध चालू आहे.

आठवड्यानं अपूर्वानं त्यांना बोलावून खुर्चीत बसवलं आणि पाणी दिलं. सबनीस स्वतः लोकांना नकार देण्याआधी असंच पाणी देत असत, त्यामुळे त्यांनी ओळखलं.

"काका, रिकामं सोडलं असतं ना, तर वरच्या ऑफिसनं सही केली असती. बाकीच्या चौदा अर्जांत रिकामंच आहे. तुम्ही लिहिलंत शोध चालू आहे. आता शोध संपेपर्यंत फाईल थांबणार."

"मग खोडून टाकतो."

"खाडाखोड चालत नाही, काका."

हे वाक्य सबनीसांनी स्वतः इतक्यांदा म्हटलं होतं की समोरून ऐकताना त्यांना आपलाच आवाज आल्यासारखं वाटलं. वाक्यात चूक काढायला जागा नव्हती.

शोध रीतसर करायचा तर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला हवी. ती त्यांनीच लिहिली, आणि अभिमानानं लिहिली. एकही शब्द खोटा नको, एकही जास्त नको. बाक सिमेंटनं जमिनीत बसवलेला होता, म्हणून स्थावर. आता उचलून नेलाय, म्हणून जंगम. या पेचात अर्धा दिवस घालवून त्यांनी 'मालमत्ता' हा शब्द पसंत केला. नोटीस छापून आली ती अशी: 'मुलुंड (प.), जुनी पेठ, मुख्य रस्त्यालगतची, पूर्वाभिमुख मालमत्ता, जी कै. भाऊराव …कर यांच्या नावे आहे, तिच्यासंबंधी त्यांच्या वारसांनी चौदा दिवसांत नंदकिशोर सबनीस यांच्याशी संपर्क साधावा.'

बाकाचं तोंड पूर्वेला होतं, हे नाकारता येणार नाही.

पहिला फोन सकाळी सहा चाळीसला आला. बोरिवलीहून एक नेरूरकर बोलत होते. त्यांचे आजोबा भाऊराव, आणि मुलुंडला आपलं काहीतरी आहे असं घरात नेहमी बोललं जायचं, असं ते भरल्या आवाजात म्हणाले. नऊपर्यंत एकोणीस फोन झाले. अंधेरीच्या एका गृहस्थांनी इकडचं तिकडचं न बोलता कार्पेट एरिया विचारला. सबनीसांनी खरं तेच सांगितलं, पाच फूट बाय दीड. पलीकडे आकडा लिहून घेतला गेला. मग त्यांनी विचारलं, "आणि पार्किंग?"

हा बाक आहे, बसायचा, असं सबनीस प्रत्येकाला सांगत होते. पण मुंबईच्या उपनगरात वारसाला कुणी मालमत्ता क्षुल्लक आहे असं सांगू लागलं की त्याचा अर्थ एकच घेतला जातो. लोक प्रत्यक्ष येऊ लागले. नेरूरकर बंधू नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. ते वेगवेगळ्या रिक्षांनी आले, सबनीसांच्या हॉलमध्ये समोरासमोर आले आणि बोलू लागले. वेळ सव्वादहाची होती. जयंतीबाईंनी झडप घालून आवाज बंद करेपर्यंत मेलबर्नच्या अकरा मुलांना 'हलकट' हा शब्द उच्चारासह आणि वाक्यात उपयोगासह कळला होता. दुसऱ्या दिवशी एका मुलानं गृहपाठात तो बरोबर वापरला.

एक वृद्ध गृहस्थ काठी टेकत तीन जिने चढून आले. खुर्चीत बसून दम खाल्ल्यावर म्हणाले, "मी भाऊराव माणगावकर. अजून कैलासवासी झालेलो नाही, पण चौकशी करून ठेवावी म्हटलं." त्यांना चहा दिला. त्यांना दिल्यावर नेरूरकरांनाही द्यावा लागला.

चौदा दिवसांत तेवीस वारस झाले, त्यांतल्या सहांनी वकील आणले, आणि बाक खरोखर बाकच आहे, आणि तोही गोदामात, हे कळल्यावर सगळ्यांनी हात झटकले. शेवटचा वारस जाताना जयंतीबाईंनी दार लावलं.

"अहो," त्या शांतपणे म्हणाल्या, "तो बाक एकदाचा आणा. नाहीतर मी तिथे जाऊन शिकवते आणि तुम्ही घरी बसा."

यात धमकी कोणती आणि सवलत कोणती हे सबनीसांना कळलं नाही, पण सुरातली निकड कळली.

अपूर्वानंच वाट काढली. वारस सापडले नाहीत तर जुन्या रहिवाशाचं प्रतिज्ञापत्र चालतं. सदर बाक सुरुवातीपासून याच जागी आहे, असं लिहून द्यायचं, वर एका साक्षीदाराची सही. सबनीस रहिवासी आणि दत्ताराम साक्षीदार, असं ठरलं. नोटरीच्या टेबलापाशी दोघं गेले. दत्तारामनं पेन हातात घेतलं, कागदावर टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं.

"नंदू, माझो हात चलना नाय."

"दुसरं पेन घे."

"पेनाचा नाय रे. तू पण सही करू नको. त्या बाकाचा जरा सांगूचा आसा."

मग नोटरीच्या देखत जे बाहेर आलं ते असं. अठ्ठ्याऐंशी साली पेठेच्या गणपतीच्या देखाव्यात बाग दाखवायची होती. बागेला बाक हवा. दत्तारामची मावशी तेव्हा घाटकोपरला टेकडीखालच्या एका चाळीत राहायची आणि त्या चाळीच्या अंगणात छान मोझेइकचा बाक होता. दहा दिवसांसाठी न्यायचा आणि आणून ठेवायचा, एवढाच विचार. टेम्पो, आठ माणसं, दुपारची वेळ. अनंत चतुर्दशीला गणपती गेले, बाक राहिला. त्याचं विसर्जन करता येत नव्हतं आणि उचलायला आता आठ माणसं येत नव्हती. देवाच्या कामाला सगळे येतात, परत ठेवायच्या कामाला कुणी येत नाही. शेवटी तिघांनी तो ढकलत बदामाच्या झाडाखाली नेला आणि खाली सिमेंट ओतलं, म्हणजे कुणी चोरू नये.

"तुका सांगूचाच व्हता," दत्ताराम म्हणाला. "पण टाइम गावाक नाय."

"छत्तीस वर्षं?"

"मधी गिरणी बंद पडली ना."

नोटरीनं कागद परत दिला. सबनीस पायी घरी गेले. एकतीस वर्षं ज्यांनी लोकांच्या सह्या भिंगातून तपासल्या, ते तीस वर्षं चोरीच्या मालावर बसून नगरपालिकेपासून अमेरिकेपर्यंत सगळ्यांच्या भ्रष्टाचारावर बोलत होते. दोन दिवस ते दत्तारामशी बोलले नाहीत. दोन दिवस त्यांनी विचार केला की गप्प बसून सही केली असती तर बाक मिळाला असता, आणि आता खरं शोधलं तर बाक जाईल. तिसऱ्या दिवशी त्यांनी दत्तारामला फोन लावला.

"मावशीची चाळ नेमकी कुठे होती?"

चाळ होती तिथे आता बत्तीस मजली इमारत होती, आणि तिचं नाव ग्रीक देवांच्या डोंगरावरून ठेवलं होतं. फाटकावरच्या माणसानं फोनमधल्या यादीतून येण्याचं कारण निवडायला सांगितलं. यादीत पाहुणे, कामवाली, टॅक्सी आणि डिलिव्हरी एवढंच होतं. सबनीस म्हणाले, वारसशोध. तो म्हणाला, ऑप्शन नाही आहे. शेवटी दोघं डिलिव्हरी म्हणून आत गेले आणि त्यांना मागच्या लिफ्टनं पाठवलं.

मावशी तर केव्हाच वारली होती. पण चाळीतली जुनी माणसं याच इमारतीच्या मागच्या भागात राहत होती आणि तिथे भाऊराव म्हटल्याबरोबर चौदाव्या मजल्याकडे बोट दाखवलं गेलं. दार सोनूबाईंनी उघडलं. वय एक्याऐंशी, पाठ सरळ, नजर त्याहून सरळ. भाऊराव कुडतरकरांची मुलगी. सबनीसांनी वाटेत एक निवेदन तयार केलं होतं, त्यात 'अनवधानानं' हा शब्द तीनदा होता. त्याची गरज पडली नाही. सोनूबाईंनी दत्तारामकडे बघितलं आणि त्या म्हणाल्या, "तू शेवंताचा भाचा ना रे? तुझ्या मावशीला मी विचारलेलं, बाक कुठे गेला. ती मला म्हणाली, गावाला गेला."

दत्ताराम खाली बघू लागला. पासष्ट वर्षांचा माणूस चपलेच्या अंगठ्याशी इतका खेळू शकतो हे सबनीसांनी प्रथमच पाहिलं.

सबनीसांनी सगळं सांगितलं. नोटीस, तेवीस वारस, प्रतिज्ञापत्र, आडनाव आपल्याच पाठीनं झिजल्याचंही. आणि शेवटी, घसा साफ करून, जे सांगायला आले होते तेही सांगितलं. बाक तुमचा आहे. सांगाल तिथे आणून देऊ.

सोनूबाईंनी त्यांना खिडकीपाशी नेलं. खाली सातव्या मजल्याच्या गच्चीवर एक बाग होती. तिथे ज्येष्ठांना पाच ते सात बसायची मुभा होती आणि बाहेरची वस्तू ठेवायला मनाई, कारण ती डिझाइनमध्ये बसत नाही. "तिथे मीच कशीबशी बसते," त्या म्हणाल्या. "बाक कुठला बसवू?"

मग त्या हसू लागल्या. भाऊराव गिरणीत जॉबर होते, म्हणजे खात्यातल्या माणसांकडून काम करून घेणारे. त्यांना बसलेला माणूस दिसला की अंगाचा तिळपापड होई. खात्यात कुणी दोन मिनिटं टेकलं की उठवायचे. घरातही तेच. जेवायला बसलेल्या पोरांना म्हणायचे, बसताय काय, आटपा. ते गेले तेव्हा खात्यातल्या लोकांनी वर्गणी काढली आणि त्यांच्या नावानं चाळीत बाक बांधला.

"आई म्हणाली, बघा किती माया करतात," सोनूबाई म्हणाल्या. "मला कोपऱ्यात घेऊन एकानं खरं सांगितलं. म्हणाला, ताई, जन्मभर बसू दिलं नाही, आता आम्ही त्यांच्यावरच बसणार. रोज शिफ्ट सुटली की यायचे. पाळीपाळीनं. बसायचे, विडी ओढायचे. आणि गंमत सांगू का, बसून बसून बाबांच्याच गोष्टी काढायचे."

त्यांनी संमतिपत्रावर सही केली. अट एक, आडनाव पुन्हा कोरायचं. आणि बाक लागेल त्या दिवशी त्या बघायला येणार.

बाक लागायला अजून दोन महिने गेले, त्याचं वर्णन करत नाही. कुंडी हलवण्यासाठी वृक्ष खात्याची परवानगी लागली आणि टोकदार झाडाची जात तीन अधिकाऱ्यांना तीन वेगवेगळी वाटली, एवढं सांगितलं तरी पुरे. अखेर एका गुरुवारी बाक बदामाखाली बसला. पॉलिश केलेला, पाय चारी सारखे, पाठीवर ठळक 'कै. भाऊराव कुडतरकर'. शेजारी तपकिरी लाकडाचा फलक. त्यावर लिहिलं होतं की हा पेठेच्या वारशाचा अमूल्य ठेवा आहे. आणि बाकाभोवती चार पितळी खांब, त्यांच्यामधून साखळी, साखळीला लटकलेली पाटी: कृपया बसू नये.

सबनीस ती पाटी वाचत उभे राहिले. अपूर्वा शेजारी येऊन उभी राहिली.

"काका, यादीतल्या वस्तूंना हात लावायचा नाही, असा नियम आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "मी सांगून बघितलं वरती. ते म्हणाले, वारसा यादीत अर्जदारानंच घातलाय."

सबनीस साठ फुटांच्या सुंदर रस्त्यावर, राणीच्या दिव्याखाली, शेळीएवढ्या चिमणीच्या साक्षीनं उभे होते. मेलबर्नला शाळा सुटली होती. घरी जाता येत नव्हतं.

तेवढ्यात रिक्षा आली आणि दत्तारामनं सोनूबाईंना हाताला धरून उतरवलं. त्यांनी चष्मा लावला. बाक बघितला, आडनाव बघितलं, त्यावरून बोट फिरवलं. मग पाटी वाचली. दोनदा वाचली. आणि त्या हसायला लागल्या, इतक्या की दत्तारामला त्यांना धरावं लागलं.

"जिंकले शेवटी बाबा," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

आणि त्यांनी साखळी काढली, खांबावर टाकली आणि बाकाच्या मधोमध बसल्या.

शिट्टी वाजली. सुंदर रस्त्याला एक पहारेकरी नेमला होता, सीताराम नावाचा, पन्नाशीचा, मापानं मोठा गणवेश घातलेला. तो धावत आला आणि आजी, नियम आहे, म्हणू लागला. आजी म्हणाल्या, मी वारस आहे. सीतारामला वारस या प्रकाराचं काय करायचं ते सांगितलेलं नव्हतं.

आणि या क्षणी नंदकिशोर सबनीसांच्या आत एकतीस वर्षांचा दावे विभाग जागा झाला. त्यांनी पिशवीतून फाईल काढली, फाईलमधून संमतिपत्राची प्रत काढली, आणि कलम सातवर बोट ठेवलं. बारीक अक्षरात छापलं होतं की सदर वस्तूच्या वापराबाबत वारसांचे व त्यांनी लेखी अधिकार दिलेल्या व्यक्तींचे पूर्वापार हक्क अबाधित राहतील. कुणीतरी कुठल्यातरी विहिरीसाठी केलेला मसुदा असावा. पण छापलेलं होतं आणि खाली शिक्का होता. अपूर्वानं ते वाचलं, मग आकाशाकडे बघितलं आणि म्हणाली, "कलम आहे खरं."

अधिकारपत्र दत्तारामच्या मुलाच्या दुकानात टाइप झालं. सोनूबाईंच्या वतीनं पूर्वापार हक्क बजावणाऱ्या व्यक्ती: एक, नंदकिशोर सबनीस, रोज दहा ते बारा. दोन, दत्ताराम गावडे, त्याच वेळी. तीन, जयंती सबनीस, संध्याकाळी, इच्छा झाल्यास. कागद प्लास्टिकमध्ये घालून केतनभाईंच्या काउंटरखाली ठेवला. सोनूबाई महिन्यातून एकदा येतात. त्या दिवशी बाकीचे उभे राहतात आणि त्या त्यांना बसा म्हणायला जरा वेळ घेतात. रक्तात आहे.

सीताराम मात्र नियमाचा पक्का. तो रोज दहाला येतो, शिट्टी वाजवतो. सबनीस रोज अधिकारपत्र मागवतात. सीताराम ते उभ्यानं, पहिल्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत वाचतो, परत देतो आणि पुढे जातो. सबनीसांना याचा राग येत नाही. उलट इतका काळजीपूर्वक कागद वाचणारा माणूस त्यांना नोकरीतही भेटला नव्हता.

गेल्या मंगळवारी त्यानं वाचायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला, पुन्हा पहिल्यावर. या रस्त्यावर आठ तास त्याला खुर्ची नाही. पहारेकऱ्याची खुर्ची डिझाइनमध्ये नव्हती. त्यानं कागद परत दिला, पण गेला नाही.

"काका," तो म्हणाला, "ह्याच्यात चौथं नाव टाकता येतं का?"

दत्ताराम सबनीसांकडे बघू लागला. सबनीसांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. यासाठी पुरवणी पत्र लागेल, सोनूबाईंची नवी सही लागेल, ओळखीचा पुरावा लागेल, हे सगळं त्यांच्या जिभेवर ओळीनं येऊन उभं राहिलं.

"कागद नंतर बघू," सबनीस म्हणाले, आणि दत्तारामला कोपरानं ढोसून सरकले.